नंदुरबारची मिरची पथारी आणि आमचे नाना

पथारीवरची

परवा नानांना जाऊन महिना झाला. पाहुणे पांगले, दादा पुन्हा दुकानावर बसायला लागला, मी अजून माहेरीच आहे. काल त्यांचं लोखंडी कपाट आवरायला घेतलं. मिरचीचा धंदा बंद करून पंधरा वर्षं झाली, तरी आतल्या नमुन्याच्या पिशव्यांना तोच वास होता. दार उघडल्याबरोबर आईला ठसका लागला आणि ती तिथंच खाली बसली. रात्रभर झोप आली नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. इथं खान्देशातली बरीच मंडळी आहेत. तुम्हाला यातलं बरंच ओळखीचं असेल.

नाना मूळचे शहाद्याकडचे. घरी कोरडवाहू तुकडा आणि खाणारी तोंडं नऊ. सातवीनंतर नंदुरबारला एका आडत दुकानात झाडलोट करायला राहिले. मग तोलाईवर, मग दिवाणजींच्या हाताखाली वह्या लिहायला. माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी त्यांनी शहराबाहेर भाड्यानं जागा घेऊन स्वतःची पहिली पथारी टाकली. कागदपत्रांची त्यांना फार आस्था. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा दुकानात 'जि. धुळे' छापलेली बिलबुकं गठ्ठ्यानं पडून होती. ती फेकली नाहीत. प्रत्येक पानावर 'धुळे' एका सरळ रेघेनं खोडून वर 'नंदुरबार' असं लिहायचे, पट्टी लावून. त्यातलं एक बुक काल सापडलं. सगळी पानं आधीच खोडून ठेवलेली, निम्मी कोरीच राहिलेली.

माल पारखण्याची त्यांची रीत मी शंभरदा पाहिली आहे. वरची मिरची कधी उचलायचे नाहीत. ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठभर काढायची. त्यातली एक कानाशी धरून हलवायची. बी सुटं होऊन आत वाजलं तर वाळली. मग देठाजवळ मोडायची, हुंगायची, आतला कडेचा कण जिभेच्या टोकाला लावायचा. मग थोडा वेळ गप्प. समोरचा शेतकरी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा असायचा आणि आम्ही पोरं शेतकऱ्याच्या तोंडाकडे.

पण मला सांगायचं आहे ते हातांबद्दल. दिवसभर मिरचीत राहिलेला हात साबणानं धुवून उतरत नाही. तेल लावा, ताक लावा, बेसन चोळा, तिखट कातडीत मुरलेलं असतं. म्हणून नानांनी आम्हाला कधी तळहातानं कुरवाळलं नाही. घरी आले की आम्ही धावायचो, आणि ते दोन्ही हात मागे घेऊन म्हणायचे, "हात तिखा शे, माय." मग पालथा हात गालावरून फिरवायचे. बोटांची मागची बाजू, नखं आणि त्यावरचे केस. तापात कपाळ बघायचं तर मनगटानं. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळे गळ्यात पडून रडत होते आणि नाना पालथ्या हातानं माझे डोळे पुसत होते. सासरच्या एका बाईंनी नंतर मला विचारलं होतं, तुझ्या वडिलांच्या हाताला काही झालंय का.

सुरतेच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी मला पाच मिनिटं आत सोडलं. बोलता येत नव्हतं. पंधरा वर्षांत त्या हातांनी मिरची धरली नव्हती, नळ्या लावून लावून ते पांढरेफटक पडले होते. त्यांनी हात उचलला, हवेतच पालथा केला आणि मग माझ्या गालाला लावला.

तुमच्यापैकी कोणाच्या घरात मिरचीचा, कापसाचा, केळीचा, डाळीचा धंदा होता का? वडिलांच्या आठवणी असतील तर इथं लिहा. मला वाचायच्या आहेत.

दोंडाईचेकर

ताई, नानांना भावपूर्ण श्रद्धांजली.

आमचा मिरचीचा बाजारही तुमच्याच जोडीचा. लहानपणी बाजार समितीच्या आवारातून शाळेत जायचो. दसरा झाला की लाल ढीग दिसायला लागायचे आणि रुमाल नाकावर धरल्याशिवाय जाता यायचं नाही. वडील तिथं मापाडी होते. शेतकरी आणि व्यापारी दोघंही ज्याच्यावर रागावतात तो माणूस म्हणजे मापाडी. घरी आल्यावर ते अर्धा तास कोणाशी बोलत नसत. मी त्यांना तुसडे समजायचो. दिवसभर आकडे ओरडून त्यांचा घसा बसलेला असायचा, हे आईनं मला ते गेल्यावर सांगितलं.

२०२३ च्या नोव्हेंबरअखेरच्या अवकाळीत नंदुरबारच्या पथाऱ्यांवर भिजलेल्या मिरचीचे फोटो पेपरात आले होते. तुमच्या नानांवर कधी असा प्रसंग आला होता का?

केळीबाग_रावेर

मनापासून लिहिलं आहे. पालथा हात वाचून थांबलो.

आमच्याकडे तिखटाऐवजी चीक. वडील केळीची कापणी करून माल भरायचे, आधी रेल्वेच्या वॅगनमध्ये आणि नंतर ट्रकमध्ये, दिल्लीकडे. केळीचा चीक अंगावर पडताना पाण्यासारखा असतो, वाळला की काळाकुट्ट डाग, आणि तो कापड फाटेपर्यंत जात नाही. वडिलांचे बागेचे सदरे वेगळे होते. लग्नकार्याला जायचा एकच सदरा बिनडागाचा, तो आई कडीकुलपात ठेवायची. त्यांना अखेरचं नेताना तोच घालायचा ठरला, तर मोठा भाऊ म्हणाला, नको, डागाचा घाला, तो त्यांचा आहे. आईनंही मान हलवली.

पुण्याची_सून

माझं सासर जळगावचं, पण मिरचीचं काहीच माहीत नाही. पथारी म्हणजे नक्की काय? उघड्यावरच वाळवतात का? पाऊस आला तर?

पथारीवरची

सगळ्यांचे आभार. मापाडी काकांचा बसलेला घसा आणि रावेरच्या काकांचा सदरा, दोन्ही आईला वाचून दाखवलं.

@पुण्याची_सून, हो, उघड्यावरच. शेतकरी बाजारात आणतो ती मिरची लाल असते पण ओली. टेम्पो-ट्रॅक्टर लावून लिलाव होतो, व्यापारी ती घेतो आणि शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत पसरतो. ती जागा म्हणजे पथारी. झाडून, चोपून जमीन घट्ट केलेली असते. मिरची पातळ थरानं पसरायची, उलटत राहायची, उन्हाच्या जोरावर दहा-पंधरा दिवस. नाना म्हणायचे "चाराला एक", म्हणजे चार पोती ओली घेतली तर एक पोतं कोरडी हातात येणार. बाकीची तीन पोती सूर्य नेतो. भाव ठरवताना हे पाणी डोक्यात मोजावं लागतं. सकाळच्या दवानं भिजलेली गाडी आणि दुपारची गाडी यांत फरक असतो. इथंच नवा व्यापारी बुडतो. वाळली की बाया बसून देठ खुडतात, रंगावरून निवड होते, मग बारदानात भरून माल बाहेर. जास्त वाळली तर भरताना चुरा होतो, कमी वाळली तर पोत्यात बुरशी. मधला जो एक दिवस असतो तो नानांना कळायचा.

@दोंडाईचेकर, आला होता तसा प्रसंग. मी दहावीत होते. सारंगखेड्याच्या यात्रेचे दिवस, त्यामुळे हमाल मंडळी घोडेबाजार बघायला गेलेली. डिसेंबरात पाऊस येईल असं कोणाच्या मनातही नव्हतं. नाना हंगामभर पथारीवरच खाट टाकून झोपायचे. रात्री एक-दीडला राखणदार सायकल मारत घरी आला आणि दारातूनच ओरडला, "उठा, आभाय भरी उनं शे!" आई, दादा आणि मी, चपला न घालता पळालो. पोहोचेपर्यंत थेंब सुरू झाले होते.

अंधारात लाल रंग दिसत नाही, काळाच दिसतो. काळ्या जमिनीवर काळं काहीतरी पसरलेलं, आणि त्यातून नाना फावड्यानं ढीग करत होते. शेजारच्या वस्तीतल्या बाया न बोलावता आल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर खताची रिकामी पोती होती. ताडपत्र्या बारा आणि माल मैदानभर. ओली मिरची हाताला जास्त झोंबते. मी अर्ध्या तासात रडायला लागले. नानांनी मला हाताला धरून, मनगटानंच, खाटेखाली नेऊन बसवलं आणि परत गेले. पहाटे पाऊस थांबला तेव्हा निम्माही माल झाकलेला नव्हता.

चार दिवसांनी ऊन पडलं, पण मिरची पांढुरकी पडायला लागली होती. हिला आमच्याकडे फटकी म्हणतात. ज्यात बुरशी शिरली होती ती नानांनी वेगळी काढून खड्डा खणून पुरली. मिरची जाळता येत नाही, धुरानं अर्धं गाव खोकत बसेल. उरलेल्या फटकीला बाहेरगावचा एक खरेदीदार आला. त्यानं दिलेला भाव आमच्या सगळ्यांच्या अपेक्षेपेक्षा बराच वर होता. म्हणाला, आमच्याकडे पावडरच होते, रंग आम्ही टाकू, तुम्ही फक्त पोत्यावर फटकी लिहू नका.

नाना नाही म्हणाले. ब्रश घेऊन स्वतः प्रत्येक पोत्यावर 'फटकी' लिहिलं आणि पडत्या भावानं माल काढला. त्या रात्री घरात जे भांडण झालं ते मी पांघरुणातून ऐकलं. आई म्हणत होती, रंग ते टाकणार होते, तुम्ही नाही. पोरांच्या फीचं काय? नाना बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "माले माहीत शे ना."

आईच्या दोन्ही पाटल्या गहाण गेल्या. एक तीन वर्षांनी सुटली, दुसरी सुटलीच नाही. आई तेव्हा संक्रांतीपर्यंत त्यांच्याशी धड बोलली नाही, आणि तिचंही काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. काल मी तिला विचारलं, अजून राग आहे का? ती म्हणाली, पाटलीचा आहे, त्यांचा नाही.

तापीकाठ

"माले माहीत शे ना" हे आज आमच्या घरी तीनदा म्हटलं गेलं. वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं अमळनेरला. लिहीन सवडीनं.

सातपुडा_पायथा

ताई, दोन दिवस लिहू का नको करत होतो. तुमच्या नानांबद्दल वाईट काही म्हणायचं नाही. पण इथं पथारीबद्दल बोलणं चाललं आहे तर दुसरी बाजूही यायला हवी असं वाटलं.

माझी आई पथारीवर मिरची खुडायला जायची, कुठल्या ते लिहीत नाही. आम्ही वरच्या पाड्यावरचे. पावसाळ्यातलं काम संपलं की अर्धी माणसं ऊसतोडीला गुजरातेत जायची, आणि ज्यांची पोरं लहान त्या बाया पथारीवर. खुडण्याचे पैसे किलोवर. नखांच्या कडा फाटायच्या आणि त्यात तिखट जायचं. रात्री आई दोन्ही हात पाण्याच्या परातीत घालून बसायची. झोप लागली की हात बाहेर पडायचे, जाग आली की परत आत.

सगळ्यात वाईट म्हणजे अंगावरचं पोर. झाडाला झोळी बांधलेली. ते रडायला लागलं की आई उठायची, माती चोळायची, पाणी असलं तर धुवायची, तरी हात लावायची भीती. पदरानं धरून पाजायची. माझ्या धाकट्या भावाच्या डोळ्याला एकदा लागलं. ते सांगताना आईचा आवाज अजून बदलतो.

तुमच्या नानांना हात पालथा करून तुम्हाला कुरवाळता आलं. आमच्या आईला पाजायचं होतं. एवढंच.

दोंडाईचेकर

सातपुडा भाऊ, हे लिहिलंत ते बरं केलंत. मापाडी असूनही वडिलांच्या तोंडून हे कधी आलं नाही, किंवा आम्ही विचारलं नाही.

पथारीवरची

@सातपुडा_पायथा, तुमचं वाचून मी लॅपटॉप मिटला आणि नानांच्या वह्या काढून बसले. आज उत्तर लिहिते आहे.

तुम्ही म्हणता ते सगळं आमच्याही पथारीवर होतं. झोळ्या होत्या. किलोवर मजुरी होती. हातमोजे नाना शेवटच्या काही वर्षांत आणायला लागले, तेही दादानं हट्ट धरला म्हणून. आधी का नाही आणले याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणायला हवे होते. मी स्वतः दहा वर्षं त्या बायांच्या शेजारी बसून अभ्यास केला आणि मलाही कधी सुचलं नाही.

एक गोष्ट मात्र आठवत होती, पण ती खरी की मी मनानं रचलेली ते कळत नव्हतं. म्हणून वह्या बघितल्या. आमच्या पथारीवर एक म्हातारी असायची. बाभळीखाली झोळ्यांपाशी तिची जागा. तिनं मिरचीला हात लावायचा नाही असा नानांचा नियम होता, चुकूनसुद्धा नाही. पोरांना उचलणं, पाणी पाजणं, रडणाऱ्याला फिरवणं एवढंच तिचं काम. बाई पाजायला आली की म्हातारी पोर तिच्या मांडीवर देणार, डोकं सावरून धरणार, तोंड पुसणार. आईचा हात पोराला लागू द्यायचा नाही. तिला सगळे 'गोड हाताची' म्हणायचे. आम्हा पोरांच्या वेण्यासुद्धा तीच घालायची.

हजेरीच्या वहीत आहे ती. 'खुडणी – २३ बाया'. खाली 'उलटणी – ४'. त्याखाली नानांच्या अक्षरात 'गोड हात – १'. हंगामाच्या प्रत्येक दिवसाला ही ओळ आहे. एका वर्षी मध्येच सहा दिवस तिथं शून्य आहे आणि शेजारी 'आजारी' लिहिलं आहे, पण आठवड्याच्या हिशेबात तिचे पैसे धरलेले आहेत.

यानं तुमच्या आईच्या हातांची आग कमी होत नाही, हे मला कळतं. तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मीही वहीत आहे तेवढंच लिहिलं.

पुण्याची_सून

वाचते आहे. काय लिहावं सुचत नाही. घरातली तिखटाची बरणी आज उघडताना हात थांबला.

केळीबाग_रावेर

ताई, त्या वह्या जपा. ओल लागू देऊ नका. कडुनिंबाचा वाळका पाला घालून ठेवा, कसर लागत नाही. वडिलांच्या कापणीच्या चिठ्ठ्या आम्ही पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या, त्यांचा भुगा झाला. आता हळहळ वाटते.

सातपुडा_पायथा

ताई, तुमचं उत्तर आईला फोनवर वाचून दाखवलं. 'गोड हात' ऐकून ती काही बोलली नाही. मग म्हणाली, आपल्याकडे पण होती ना. मी विचारलं कोण? म्हणाली, तुझी ताई.

मला हे माहीत नव्हतं. मी नंतरचा. माझी मोठी बहीण सहा वर्षांची असल्यापासून पथारीवर पोरं सांभाळायची. सगळ्या बायांनी मिळून ठरवलं होतं, हिला मिरचीला हात लावू द्यायचा नाही. म्हणून ती शाळेत गेली नाही. मी गेलो. मी इथं टाइप करतो आहे ते त्यामुळे.

काल शहाद्याला ताईकडे गेलो आणि तिला तुमचा सगळा धागा पहिल्यापासून वाचून दाखवला. वाचायला दीड तास लागला, ती मधे मधे थांबवत होती. झोळ्यांतली कोणती पोरं तिच्या हातून मोठी झाली ते तिनं बोटांवर मोजून सांगितलं, अकरा. त्यातला एक आता एसटीत कंडक्टर आहे, तिला तिकीट काढू देत नाही, स्वतःच्या खिशातून काढतो.

तिनं तुम्हाला एक विचारायला सांगितलं आहे. त्या म्हातारीला हजेरी किती मिळायची? तिला स्वतःला बिस्किटांचा पुडा मिळायचा आणि होळीला एक फ्रॉक.

पथारीवरची

वही समोर घेऊन लिहिते आहे. खुडणाऱ्या बाईची सरासरी हजेरी काढून तेवढीच पूर्ण धरलेली आहे. कमी नाही, जास्तही नाही. वहीत मागच्या पानावर नानांनी ती सरासरी काढल्याची बेरीज-भागाकाराची कच्ची मांडणीसुद्धा आहे.

ताईंना सांगाल का? आणि त्यांना चालणार असेल तर मी पुढच्या आठवड्यात सासरी परतण्याआधी शहाद्याला येते. वही घेऊन.

सातपुडा_पायथा

सांगितलं. म्हणाली, पूर्ण हजेरी? मी म्हटलं, हो, पूर्ण. पुन्हा विचारलं तिनं.

गुरुवारी या. ती घरी असते.